दोघी वेगवेगळ्या असल्याचं प्रतिज्ञापत्र

मुलाच्या लग्नाच्या फोटोंमध्ये मोठ्या बाई अकरा ठिकाणी आहेत आणि अकराही ठिकाणी त्यांची पाठ आहे. फोटोवाल्याकडे बघण्यापेक्षा वाढप्यांकडे बघणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं होतं. अशा बाईंनी एका मंगळवारी सकाळी, कवळीसुद्धा न लावता, आपला चेहरा एका विद्यापीठाला कायमचा देऊन टाकला. नुसता दिला नाही, उजवीकडून आणि डावीकडूनही दाखवला. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

विद्यापीठ सुनेचं. म्हणजे सून त्यात शिकत होती, लॅपटॉपवर, घरबसल्या. घरबसल्या हा शब्द ज्याने काढला त्याला बाईंना एकदा समोरासमोर भेटायचं होतं, कारण सून घरात बसलेली अशी त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. दिवसभर ती पार्सल ऑफिसात काउंटरवर उभी. खोकं घ्यायचं, वजन करायचं, चिठ्ठी चिकटवायची, मागे रचायचं. रचून रचून कंबरेतला मणका सरकला. डॉक्टरांनी सांगितलं, वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, जड उचलायचं नाही आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. यातली मधली गोष्ट ऑफिसला मान्य नव्हती आणि शेवटची घराला.

ऑफिसात न उचलण्याची जागा एकच, सुपरवायझरची. तो माणूस हातात पेन घेऊन दुसऱ्यांनी उचललेल्या खोक्यांकडे बघतो. पण त्या जागेला पदवी लागते.

"म्हणजे ओझं उचलायला शिक्षण नको, ओझ्याकडे बघायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "चांगला आहे न्याय."

न्यायाच्या बाबतीत बाईंचा अधिकार मोठा. बिल्डिंगमध्ये त्यांना पाठीमागे 'हायकोर्ट' म्हणतात. पुढ्यात म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. स्वतः बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. चौथी पास नव्हे, चौथीत काही दिवस होत्या, एवढंच. पण अंगठा त्यांनी आयुष्यात कुठे उठवला नाही. सही करतात. वेळ लागतो, पण सही करतात.

सुनेचे सगळे पेपर झाले होते, एक राहिला होता. व्यावसायिक संवाद. एकदा त्या पेपराच्या दिवशी ती दवाखान्यात कंबरेला वजनं लावून पडली होती, एकदा ऑफिसने सोडलं नाही. आता विद्यापीठाने कळवलं की आठ वर्षांची मुदत संपत आली. या वेळी पेपर दिला तर दिला, नाहीतर आधीचे सगळे पेपरही रद्द, पाटी कोरी.

आता यात बाईंचं काय जात होतं, असं कुणालाही वाटेल. बाईंचा शब्द जात होता. अठरा वर्षांपूर्वी लग्नाची बोलणी अडली होती ती याच मुद्द्यावर. मुलगी कॉलेजात, वडिलांचा जीव पुढे होईना. तेव्हा बाईंनी चहाची बशी खाली ठेवून सांगितलं होतं, "शिक्षण आमच्या घरी पूर्ण होईल. माझा शब्द आहे." बशी जिथल्या तिथे गेली, शब्द घशात राहिला. कारण आधी बाळंतपण, मग मुलाची नोकरी गेली, मग बाईंचाच गुडघा. व्याह्यांचा दर महिन्याला फोन येई आणि खुशाली विचारून झाली की ते विचारत, "मग विहीणबाई, शिक्षण कुठवर आलं?" अगदी गोड आवाजात. बाईंना वाटे, यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर उलट देता आल्या असत्या.

तर तो मंगळवार. परीक्षेच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. सुनेने ऑफिसला निघायच्या आधी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला, सगळे रकाने भरले, शेवटचं बटण दाबलं आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. फोन घ्यायला ती वळली आणि वळली तिथेच राहिली. कंबरेत उसण भरली. "आई गं" म्हणून ती स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाली आणि आडव्यानेच फोनवर कुणाला तरी हरवलेल्या खोक्याचा नंबर सांगू लागली.

इकडे टेबलावरून एक बाई गोड आवाजात बोलली, "कृपया आपला चेहरा चौकटीत आणा."

आता हे नीट समजून घ्यायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याचा डॉक्टर दर मंगळवारी सकाळी याच लॅपटॉपवर यायचा, याच टेबलावर, आणि सांगायचा, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, डोळे मिटा, उघडा. बाईंनी काळा चष्मा काढला, पदराने डोळा टिपला आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"मान उजवीकडे वळवा."

बाईंनी वळवली.

"मान डावीकडे वळवा."

"दर वेळी नुसते डोळे वळवायला सांगतात, आज मान का?" बाईंनी विचारलं. उत्तर आलं नाही. डॉक्टरने हाताखाली नवी पोरगी ठेवली असेल आणि तिला पेशंटशी बोलायची रीत नसेल, असं समजून बाईंनी डावीकडेही वळवली.

"डोळे मिटा. उघडा. धन्यवाद. आपला चेहरा नोंदवण्यात आला आहे."

"आणि थेंब किती दिवस घालायचे?" बाईंनी विचारलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि पोरगी निघून गेली. बाईंना भारी राग आला. पाच मिनिटांनी सून भिंतीला धरून उठली, तिने हिरवी खूण पाहिली आणि सुटकेचा श्वास टाकला. नोंदणी झाली. दिवसभर बाई जो भेटेल त्याला सांगत होत्या की डोळ्याच्या डॉक्टरांकडे हल्ली माणुसकी राहिली नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात होत्या, पण त्यांची एकमेकींशी गाठ काही पडली नाही.

पडली ती परीक्षेला नऊ दिवस उरल्यावर. विद्यापीठाने सराव परीक्षा ठेवली होती. सून लॅपटॉपसमोर उभी राहिली. बसायचं नसल्यामुळे इस्त्रीच्या टेबलाचे पाय उंच करून त्यावर लॅपटॉप ठेवला होता. मशीनने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "चेहरा जुळत नाही."

सुनेने केस मागे घेतले. जुळत नाही. चष्मा काढला. जुळत नाही. दिवा लावला, दिवा मालवला, तोंड धुऊन आली.

"आजारपणाने उतरलाय चेहरा," समोरची शेजारीण म्हणाली. ही दार उघडं दिसलं की साखर मागायच्या निमित्ताने यायची आणि साखर विसरून जायची. "आमच्या नणंदेचं असंच झालं होतं. दहा किलो उतरली, बँकेतसुद्धा कुणी ओळखेना. थोडी हस ना गं. फोटोत हसली असशील."

सून हसली. जुळत नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना बोलावलं. त्यांनी मशीनला वर्गातल्या आवाजात दरडावून पाहिलं. मग मुलगा आला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या साठ बिल्डिंगांच्या लिफ्ट त्याच्या हाताखाली चालतात, स्वतःच्या बिल्डिंगची चार महिने बंद आहे. त्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, कारण त्याच्या धंद्यात पहिला उपाय तोच.

आणि मोठ्या बाई, एवढा गोंधळ कशाचा म्हणून, सुनेच्या खांद्यावरून डोकावल्या.

टुणकन आवाज झाला. "स्वागत आहे," मशीन म्हणालं. "परीक्षेला सुरुवात करा."

घरात इतकी शांतता पसरली की समोरचीला साखर आठवली.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "तू कधी याच्यासमोर बसली होतीस का?"

"मी कशाला बसते? मी फक्त माझ्या डॉक्टरच्या..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पडद्यावर एका कोपऱ्यात त्यांचा फोटो होता. कवळी नाही, एक डोळा लाल, मान डावीकडे. खाली सुनेचं नाव.

चूक आपली आहे हे बाईंना लगेच कळलं. लगेच कळणं आणि लगेच बोलणं यात बाईंच्या घराण्यात साधारण दोन दिवसांचं अंतर असतं. त्या म्हणाल्या, "सुशिक्षितांच्या मशीनला सासू आणि सून यातला फरक कळत नाही, तर ते पेपर काय तपासणार?" आणि आत जाऊन कांदा चिरू लागल्या. बराच वेळ चिरला. त्या दिवशीच्या स्वयंपाकात कांदा नव्हताच.

सुनेने मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. वीस मिनिटं बसून, वीस उभ्याने. मग एका माणसाने सांगितलं की मेल करा. मेलचं उत्तर आलं: 'नोंदवलेला चेहरा बदलण्यासाठी कृपया नोंदवलेल्या चेहऱ्याने प्रवेश करून अर्ज करावा.'

म्हणजे बाईंनाच पुन्हा बसावं लागलं. या वेळी कवळी लावून. मशीनने लगेच ओळखलं. सुनेने बाजूने हात घालून अर्ज उघडला. 'चेहरा बदलण्याचे कारण' अशी ओळ होती आणि निवडायला चार उत्तरं: अपघात, शस्त्रक्रिया, वय, इतर.

"पहिली तिन्ही लागू आहेत," मुलगा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहिलं, तो लिफ्ट बघायला खाली गेला.

चार दिवसांनी उत्तर आलं. दोन्ही चेहरे घेऊन विद्यापीठाच्या केंद्रात हजर व्हावे. सोबत प्रतिज्ञापत्र आणावे.

त्या रात्री जेवताना मुलाने दुसरा मार्ग सुचवला. "आई, एवढं कशाला? तुला तर ते ओळखतंय. तू समोर बस. ही टेबलाखाली आडवी राहील. कंबरेलाही बरं. तू प्रश्न वाच, ही उत्तर सांगेल."

ताटातली भाकरी सुनेने मोडली आणि परत जोडून ठेवली. पाच दिवस उरले होते. तिचं गप्प राहणं बाईंनी पाहिलं.

"टेबलाखाली?" बाई म्हणाल्या. "मी शब्द दिला होता तो शिक्षण पूर्ण करायचा, कागद पैदा करायचा नाही. टेबलाखालून मिळवायची असती पदवी, तर मीच नसती घेतली एक? आणि तू रे, लिफ्टचे पाळणे दुरुस्त करतोस तेही असेच करतोस का, वरून हसायचं आणि खालून दोरी? उद्या मी हिच्याबरोबर जाते. चूक माझी आहे. जेव आता."

'चूक माझी आहे' हे त्यांनी 'जेव आता' च्या इतकं जवळ म्हटलं की मुलाच्या लक्षात आलं नाही. सुनेच्या आलं.

नोटरी वकील कोर्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून बसतो. त्याच्यापुढे घर विकणारे, घर सोडणारे, नाव बदलणारे लोक असतात. त्याने विचारलं, "मजकूर काय लिहायचा?"

"हेच, की ही मी नाही," सून म्हणाली.

"आणि मी ही नाही," बाई म्हणाल्या.

वकिलाने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं. मग टाइप केलं आणि वाचून दाखवलं: 'आम्ही खाली सही करणार, नात्याने सासू व सून, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की आम्ही दोघी एक व्यक्ती नसून दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहोत. आमचा एकमेकींच्या चेहऱ्याशी काहीही संबंध नाही व यापुढे राहणार नाही.'

अठरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढून जी गोष्ट दोघींनी परोपरीने एकमेकींना सांगितली होती, ती अखेर सरकारी कागदावर आली. बाईंनी सही करायला घेतली. सुनेची सही होऊन, शाई वाळून, वकिलाचा चहा येऊन गेला तरी बाईंची चालू होती. वकील घाई करू लागला तेव्हा सून म्हणाली, "थांबा. आई सही करतायत." हे तिने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज बाईंच्या ओळखीचा होता. त्यांचाच होता.

केंद्रात एकच खिडकी आणि खिडकीत एकच कारकून. "सगळं ऑनलाइन आहे, इथे का आलात?" हे त्याने मान वर न करता विचारलं. पत्र दाखवल्यावर मान वर केली, एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि म्हणाला, "तसं थोडं साम्य आहे हं."

"छे!" दोघी एकदम म्हणाल्या.

त्याने शिक्का मारला. आता ज्या मशीनपुढे सून उभी राहिली त्याने मान वळवायला सांगितली तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून दहा फूट लांब उभ्या होत्या. धोका नको.

चेहऱ्याचं मार्गी लागलं तर पट्टा उपटला. घरी येऊन दुसरी सराव परीक्षा केली, त्यात कळलं की सुनेच्या कंबरेचा डॉक्टरी पट्टा ती हलली की चर्र करून सुटतो आणि मशीन म्हणतं, "अनोळखी आवाज. पहिली सूचना." तीन सूचना झाल्या की पेपर बंद. घरात दुसरं माणूस दिसायला नको, आवाज यायला नको, चेहरा चौकटीबाहेर जायला नको. पट्ट्याशिवाय तर सून अर्ध्या तासात वाकायची आणि चेहरा चौकटीतून खाली जायचा.

यावर बिल्डिंगने, पेपर कधी आणि आवाज का चालत नाही हे न विचारताच, सल्ले दिले. समोरचीने गरम पाण्याच्या तीन पिशव्या सुचवल्या. हेडमास्तर म्हणाले, दाराच्या चौकटीला लोंबकळून पेपर द्यावा, मणका मोकळा होतो. उत्तरं कुठल्या हाताने लिहायची ते त्यांनी सांगितलं नाही. शेवटी बाईंनी कपाटातून डबल बेडची जुनी चादर काढली. इस्त्रीचं टेबल खोलीत दाराशेजारच्या खिडकीजवळ ओढलं. ही खिडकी बाहेरच्या सामाईक गॅलरीत उघडते. चादर सुनेच्या कमरेभोवती दोनदा फिरवली, ताणली आणि मागे खिडकीच्या गजांना गाठ मारली. वरून पडदा सोडला, म्हणजे गॅलरीतून जाणारं कुणी मशीनला दिसायला नको.

"वाकून बघ," बाई म्हणाल्या.

सून वाकायला गेली. वाकता येईना.

"आई, हे फार छान आहे," ती म्हणाली. चारेक महिन्यांत कंबरेबद्दल ती पहिल्यांदा काही चांगलं बोलली.

रविवार. अकरा ते एक. बाईंनी बेलची बॅटरी काढली, फोन बंद केले, नळ घट्ट केले, भिंतीवरचं घड्याळ उशीत गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि गॅलरीत दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. दोन तास त्या बोलणार नव्हत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विश्वास ठेवला नसता. मुलगा सकाळपासून लिफ्टच्या खड्ड्यात होता. आज काय वाटेल ते होवो, चालू करणारच, म्हणाला होता.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग समोरची भाजी घेऊन आली. तिची नजर खिडकीकडे गेली. पडदा वाऱ्याने एवढासा सरकला होता. फटीतून तिला एक कंबर दिसली, कंबरेला चादर, चादर गजांना, आणि गजांना मोठ्या बाईंच्या हातची गाठ.

"अगं बाई! सुनेला बांधून ठेवलंय!" ती किंचाळली.

आतून मशीन बोललं, "अनोळखी आवाज. दुसरी सूचना."

दुसरी? म्हणजे पहिली केव्हाच झाली होती! आता एक. फक्त एक.

समोरची पुढे येत म्हणाली, "काकू, हे मला पटलं नाही हं. आजारी आहे ती पोर. शिकते म्हणून डाचतं होय तुम्हाला?"

ती हे दबक्या आवाजात म्हणाली, भांडण अजून तापायचं होतं म्हणून. पण यावर बाईंकडे उत्तरं होती. एक नव्हे, सात होती. समोरचीच्या सासूला वृद्धाश्रमात कुणी पाठवलं इथपासून ती आजवर नेलेल्या साखरेपर्यंत, सगळी ओळीने जिभेवर येऊन उभी राहिली. बाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं. कवळीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

जिन्यातून हेडमास्तर आले, त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरची दोन माणसं. सगळे हायकोर्टाकडे बघत होते. हायकोर्ट गप्प. गप्प म्हणजे कबुली, असं हेडमास्तरांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. समोरचीने खिडकीकडे हात केला, तशी बाई उठल्या, मधे उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्यापुढे दोन्ही हात जोडले.

अठरा वर्षांत बाईंनी या बिल्डिंगमध्ये कुणापुढे हात जोडले नव्हते. समोरची दोन पावलं मागे सरकली. हे तिला सुनेला बांधण्याहून भयंकर वाटलं.

काहीतरी दाखवायला हवं म्हणून बाईंनी कमरेची पिशवी चाचपली. त्यात प्रतिज्ञापत्राची प्रत होती. तीच हेडमास्तरांच्या हातात दिली. हेडमास्तरांनी ओठ हलवत वाचली. 'एकमेकींच्या चेहऱ्याशी काहीही संबंध नाही व यापुढे राहणार नाही' इथे आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"इतक्या थराला गेलं?" ते कुजबुजले. "कोर्टात?"

बाईंना त्या क्षणी जमीन दुभंगायला हवी होती, पण आवाज न करता. आणि नेमकी त्या वेळी चार महिन्यांनी बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली. घरघरत ती वर येऊ लागली. पोचली की ती घंटा वाजवते, हे बाईंना चांगलं आठवत होतं. त्या धावल्या. बाहत्तर वर्षांच्या, एका गुडघ्याच्या, पण धावल्या. जाळीतून मुलाचं डोकं दिसलं, तोंडभर हसू. बाईंनी दोन्ही हात गळ्याजवळ नेऊन आडवे फिरवले. हा इशारा लहानपणापासून मुलाच्या ओळखीचा होता. त्याने खट्कन कळ ओढली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली आणि मुलगा कमरेपासून वर गॅलरीत, कमरेपासून खाली अंधारात असा अडकला. तशाच अवस्थेत त्याने खालच्या आवाजात सगळ्यांना सगळं सांगितलं. चेहरा, मशीन, सूचना, चादर, आठ वर्षं.

समोरचीने भाजीची पिशवी अलगद जमिनीवर ठेवली. मग चपला काढल्या. अनवाणी जाऊन ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. एक भाजीवाला ओरडत वर येत होता, त्याला तिने असा काही हात दाखवला की तो टोपली डोक्यावर घेऊन उलट्या पावलांनी उतरला. हेडमास्तरांना खोकला आला, ते तो खोकायला तळमजल्यावर जाऊन आले. वरच्या मजल्यावरची दोघं पायऱ्यांवर बसली. मुलगा होता तिथे होता. सव्वा तास अख्खी बिल्डिंग एका बाईच्या पेपरासाठी श्वास धरून बसली, आणि त्या पेपराचं नाव होतं संवाद.

एक वाजला. आतून मशीन म्हणालं, "धन्यवाद. आपली उत्तरं जमा झाली आहेत."

मग सुनेचा आवाज, "आई! गाठ सुटत नाही हो!"

सगळे हायकोर्टाकडे वळले. दोन तासांचं साठलेलं आता सुटणार म्हणून समोरची भिंतीला टेकली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. सातही उत्तरं अजून जागेवर होती.

"चहा ठेव जा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना. साखर तुझ्या घरची."

निकाल सहा आठवड्यांनी लागला. सून पास. शंभरात एकसष्ट. ऑफिसात तिचा अर्ज पुढे गेला आणि सुपरवायझरने, सवय व्हावी म्हणून, तिला पेन दिलं.

बाईंनी त्या महिन्यात व्याह्यांच्या फोनची वाट पाहिली नाही. स्वतः लावला. स्पीकरवर लावला, घरात सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. नवी कवळी, इस्त्रीचं पातळ, खुर्ची मधोमध.

"व्याही, तुमची मुलगी पदवीधर झाली. अठरा वर्षं लागली, पण मी शब्द दिला होता तो पाळला."

"अरे वा, वा!" तिकडून आवाज आला. "फार आनंद झाला. पण शब्द कसला, विहीणबाई?"

"कसला म्हणजे? लग्न ठरलं तेव्हा दिला होता. दर महिन्याला विचारता ना तुम्ही, शिक्षण कुठवर आलं?"

"हां, ते होय?" व्याही मोकळेपणी हसले. "ते मी आपलं विचारतो. आता फोनवर तुमच्याशी बोलायचं तरी काय? तुमच्या गुडघ्याचं विचारलं की अर्धा तास जातो."

फोन ठेवला गेला. मुलगा अचानक स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. बाई खुर्चीत मधोमध बसून राहिल्या. अठरा वर्षं घशात अडकलेला काटा बाहेर काढून बघावा आणि तो काटा नसून बडीशेप निघावी, असं त्यांना झालं होतं.

सून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. आता त्यावर पुन्हा कपडे आले होते. घडी घालता घालता ती म्हणाली, "माझ्या लक्षात आहे."

"काय?"

"तुमचा शब्द. मी दाराआड उभी होते. तुम्ही बशी ठेवलीत आणि म्हणालात. बाबांना नकार द्यायचा होता. मीच आत जाऊन सांगितलं, हे घर चालेल." तिने शर्टाची बाही नीट केली. "ह्यांच्याकडे तर मी तोवर बघितलंही नव्हतं."

"ऐकतोय मी," मुलगा कपाटामागून म्हणाला.

बाईंना चष्मा काढावा लागला. ऑपरेशनचा डोळा, दुसरं काही नाही. त्यांनी तो पदराने पुसला, परत लावला आणि आवाज शक्य तेवढा कडक करून विचारलं, "मग अठरा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" सून म्हणाली.

बाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं. या वेळी तर मशीनही बंद होतं.